ब तुकडीची पाच रिकामी बाकं

फाटक सव्वानऊला बंद करायचं आणि मग प्रत्यक्ष देव आला तरी उघडायचं नाही, असा त्या तपासणीच्या दिवशीचा हुकूम होता. मावशीने सव्वानऊला फाटक बंद केलं, कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला अडकवला. सव्वीस वर्षं ती हेच करत आली होती. शाळेची घंटा तिची, पाणी तिचं, कुलपं तिची. हेडसर चार बदलले, मावशी एकच. शाळेत सगळे तिला मावशीच म्हणत, अलीकडची पोरं तेवढी आजी. त्यात माया किती आणि धाक किती, ते म्हणणाऱ्याने आपल्यापुरतं ठरवावं.

आज ती मनातून खूश होती. खूश असली की ती नेहमीपेक्षा जास्त चिडलेली दिसे, म्हणून कुणाला कळलं नाही.

चौथी ब च्या बाई म्हणजे मावशीची सून. सख्ख्या लेकाची बायको. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती शिवणकारखान्यात कटर होती, माप घ्यायचं आणि कापड कापायचं हे तिचं काम. मग शिक्षक मिळेनात म्हणून वरच्यांनी एक नवीच योजना काढली. ज्यांनी आयुष्यात दुसरी कामं केली आहेत पण चार बुकं शिकलेली आहेत, त्यांना आठ आठवडे शिकवायचं आणि सरळ वर्गात उभं करायचं. दोन वर्षं कच्चं लायसन. मग तपासणी. तपासणीत टिकलं तर पक्कं, नाही टिकलं तर आपली कात्री घेऊन घरी. लोक ह्या मंडळींना ‘आठ आठवडेवाले’ म्हणत, आणि म्हणताना नाक थोडं वर जाई.

नाक मावशीचंही गेलं होतं. सुनेने अर्ज भरला त्या दिवशी तिने पहिली तोफ डागली होती. “अगं, कापड चुकलं तर त्याचं पायपुसणं होतं. पोर चुकलं तर त्याचं काय करशील?”

सून म्हणाली होती, “म्हणून तर दोनदा माप घ्यायचं, आई.”

ह्यावर मावशीला उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर न सुचणं तिला आवडत नसे. पण पुढे दोन वर्षं, सून तिसरीपासून हाच वर्ग घेऊन चौथीत आली तोवर, वर्गाबाहेरचा कट्टा झाडताना तिने कान आत ठेवले. सून ओरडत नसे. एकेका पोराची वही घेऊन तिच्या मागच्या पानावर ती काहीतरी टिपून ठेवी, कारखान्यात मापं टिपायची तसं. मावशीने हे पाहिलं, मनात ठेवलं, आणि तोंडाने म्हणाली, “झाडलेल्या कट्ट्यावर खडूची भुकटी सांडू नका म्हणावं.”

दुखणं वेगळंच होतं. चौथी अ च्या थोरल्या बाई. चार वर्षांच्या कॉलेजच्या, पक्क्या डिग्रीच्या, भिंतीवर चौकट लावलेल्या. त्यांचं म्हणणं एकच होतं, आणि ते त्या नाकाने कांदे सोलत सांगत: आम्ही चार वर्षं डोळे फोडले, ही कानामागून आली आणि तिखट झाली. परवा शिक्षकखोलीत पाण्याचा जग ठेवताना मावशीने त्यांना हेडसरांशी बोलताना ऐकलं.

“बाकीची एकवेळ तरतील हो. पण ब मधली ती पाच आहेत ना, ती तिला घेऊन बुडणार.”

ती पाच. सगळ्या शाळेला ठाऊक असलेली. दोघं जुळे भाऊ, ज्यांना पाढे म्हणायला सांगितले की एकमेकांकडे पाहत. एक गोल चेहऱ्याची पोरगी, उत्तर माहीत नसलं की हसायची, आणि सारखीच हसत असायची. एक लांबडा, वर्गात सगळ्यांत उंच आणि वाचण्यात सगळ्यांत मागे. आणि खोडरबर. तिचं खरं नाव हजेरीत होतं तेवढंच. लिहिलेला प्रत्येक शब्द ती खोडायची, परत लिहायची, परत खोडायची, कागदाला भोक पडेपर्यंत. दुसरीत असताना तिने अख्खी वही खोडून कोरी परत दिली होती.

मावशीने रात्रभर विचार वगैरे काही केला नाही. जे सुचलं ते तिला जागच्या जागी सुचलं, जगावर ठेवायचं झाकणही अजून हातातच होतं. काल शाळा सुटताना तिने पाचांना फाटकाशी बाजूला घेतलं.

“उद्या शाळेत यायचं नाही. सकाळी आठला माझ्या घरी यायचं. काम आहे.”

“घरी सांगायचं?” लांबड्याने विचारलं.

“मावशीने बोलावलंय म्हणायचं.”

एवढं पुरेसं होतं. कामावर जाणाऱ्या आईबापांना मावशीचा शब्द म्हणजे शाळेचाच शब्द. पाचही पोरं आठच्या ठोक्याला आली. तिचं घर शाळेच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. सुनेचा कारखान्यातला बटणांचा मोठा डबा तिने जमिनीवर उपडा केला. लहान, मोठी, दोन भोकांची, चार भोकांची, हजारभर असतील.

“एकसारखी एकसारखी वेगळी करा. मी येईपर्यंत कुणी हलायचं नाही.”

आणि ती शाळेत आली, घंटा वाजवली, फाटक लावलं. झाकली मूठ. कुणाचं काही बिघडलं नाही, सुनेचं भलं झालं, आणि सुनेला कळायचंही कारण नाही. उपकार करून तो सांगत बसणाऱ्यांतली ती नव्हती. निदान लगेच तरी नाही.

सव्वादहाला ती मोठ्या खोलीत पाणी घेऊन गेली. पोरं कागदांवर वाकलेली. तपासणीसाठी आलेली बाई कोपऱ्यातल्या टेबलाशी उभी होती. बुटकी, सपाट चपला, काखेत कापडी पिशवी, बोटाने बाकं मोजत होती. सगळे तिला तपासणीबाई म्हणू लागले होते, तिनेही हरकत घेतली नव्हती. तिच्याजवळ हेडसर आणि सून. सुनेचा चेहरा पाहून मावशीचा हात जगावर घट्ट झाला. सून रंगाने कधी पांढरी पडत नसे, आज पडली होती.

“पाच?” सून हळू बोलत होती, पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून. “पाचही? काल सगळी होती. काल मी प्रत्येकाला विचारलं, उद्या येणार ना.”

“होतं असं,” हेडसर म्हणाले. “आणि खरं सांगू का, ती पाच नाहीत ते एकपरी बरंच. तुमची सरासरी वर जाईल.”

मावशीने मनात म्हटलं, बघा, ह्यांनासुद्धा कळतं.

तपासणीबाईने पिशवी टेबलावर ठेवली. “सर, मी सरासरी मोजत नाही. पत्रात लिहिलं होतं.”

हेडसरांनी पत्र कुठे ठेवलं होतं ते मावशीला ठाऊक होतं. त्यांच्या टेबलाचा डावा खण बंद होत नव्हता, तो त्या पत्राची घडी फटीत खुपसून त्यांनी बंद केला होता.

“ह्याच मुलांनी दोन वर्षांपूर्वी एक कागद लिहिला,” तपासणीबाई सांगू लागली. “ह्या बाई वर्गात यायच्या आधी. तो माझ्याकडे सीलबंद आहे. आजचा हा दुसरा. मी दोन्हींमधलं अंतर मोजणार. अ चंही, ब चंही. चांगली पोरं मिळाली म्हणून कुणी चांगला शिक्षक ठरत नाही, सर. मूल किती उंच आहे ते मला नको. माझ्या समोर येईपर्यंत ते किती वाढलं ते हवं.”

मावशीच्या हातातल्या जगातलं पाणी हललं.

ती पाण्याच्या खोलीसमोर रोज उभी राहायची. त्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर सव्वीस वर्षांच्या रेघा होत्या. दर वर्षी शाळा सुरू झाली की मावशी चौथीच्या पोरांना चौकटीला टेकवून उभं करी आणि डोक्यावर चमचा आडवा धरून रेघ ओढी. आणि वर्षाच्या शेवटी पुन्हा. बुटक्या पोराची दोन रेघांमधली फट लांबड्यापेक्षा मोठी निघाली की ती म्हणे, “हा बघा खरा वाढला. तो काय, आयता उंच.” सव्वीस वर्षं ती हे म्हणत होती. सुनेने घरी एकदा तपासणी कशी होणार ते समजावायला घेतलंही होतं, तेव्हा मावशी म्हणाली होती, “मला नको शिकवूस. शाळेत मी तुझ्या आधीपासून आहे.”

“ती पाचच,” सून म्हणत होती, “सगळ्यांत जास्त वाढलीत. त्या मुलीने पहिल्या कागदावर नावसुद्धा लिहिलं नव्हतं. खोडून कोरा दिला होता. आता पान भरून लिहिते.”

“एकतीसमधली अठ्ठावीस तरी हवीत,” तपासणीबाई म्हणाली. “सव्वीसच आहेत. नियम आहे, नाहीतर सगळेच आपली कच्ची पोरं घरी ठेवतील. वर्ग बाद होईल.”

“आणि लायसन?”

“सिद्ध झालं नाही, असा शेरा. तुमचं कच्चं लायसन महिनाअखेर संपतंय.” मग घड्याळाकडे पाहून ती म्हणाली, “उशिरा आलेल्यांसाठी अकराला एक बैठक आहे. त्यानंतर मी पाकीट बंद करते.”

सुनेने बोटं एकमेकांत गुंतवली आणि पोरांच्या रांगेतून मागे गेली. रिकाम्या बाकाजवळून जाताना तिने बाकावर हात ठेवला, लोक पाळण्यावर ठेवतात तसा, आणि पुढे गेली.

आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात, ते ऐकलं होतं. मावशीने दुसऱ्याच्या पायावर पाडला होता, तोही माया म्हणून.

तिने जग ठेवला आणि मागच्या दाराने निघाली. चालणं तिला जमे, पळणं दहा वर्षांपूर्वी सुटलं होतं. गुडघे प्रत्येक पावलाला जाब विचारत होते. साडेदहा वाजायला आले असतील. मागच्या गल्लीत दोन पायऱ्या चढून एक वळण, मग लांबच लांब भिंत. ती भिंत आज संपेचना.

घरात शांतता होती. जमिनीवर बटणांच्या रांगा लावलेल्या होत्या. नुसते ढीग नव्हते, दहा दहाचे छोटे ढीग, दहा ढिगांना मिळून एक आडवी काडी, आणि प्रत्येक प्रकाराशेजारी कागदाची चिठ्ठी. चिठ्ठीवर आकडे. जुळे दोघं मिळून एक ढीग परत मोजत होते आणि ह्या वेळी एकमेकांकडे पाहत नव्हते.

“हे कुणी सांगितलं तुम्हाला? मी तर नुसतं वेगळं करा म्हटलं होतं.”

“बाई म्हणतात, वेगळं केलं की मोजून ठेवायचं,” हसरी म्हणाली. “तीनशे बारा चार भोकांची आहेत, आजी. दोन वेळा मोजली.” आणि ती हसली नाही. उत्तर माहीत होतं ना.

“उठा. चला शाळेत. आत्ताच्या आत्ता.”

कुणी उठलं नाही. लांबड्याने एक बटण दोन बोटांत फिरवत विचारलं, “आजी, आम्हाला इथे का बसवलं?”

“काम होतं म्हणून.”

“नाही. आम्ही ढ म्हणून ना?”

मावशीने आयुष्यात कुणाकुणाची तोंडं बंद केली होती. हेडसरांची, ठेकेदारांची, एकदा तर आगीचा बंब घेऊन आलेल्या साहेबाची. ह्या पोरासमोर तिने खाली वाकून एक घरंगळलेलं बटण उचललं.

“बाई म्हणतात असा शब्द नसतोच,” एक जुळा म्हणाला. “मग आजच का?”

“आज मी ढ झाले म्हणून,” मावशी म्हणाली. आवाज चढवायला गेली, तो चढला नाही. “तुमच्या बाईला तुम्हीच हवे आहात. तुमच्यावाचून तिचं अडलंय. आता पटपट चला, नाहीतर मी... चला रे.”

ती उठली. चारच. मावशीने मोजलं, परत मोजलं.

“पाचवी कुठाय? खोडरबर?”

“ती गेली.”

“कुठे गेली?”

“तुम्ही गेल्यावर थोड्याच वेळाने गेली. म्हणाली, कितीही चुकलं तरी यायचं असं बाईंनी सांगितलंय. आम्ही म्हटलं, आजी रागावतील. ती म्हणाली, रागावू देत.”

मावशी दारात थांबली. पोरगी शाळेत गेली असती तर बाकावर असती. बाकावर नाही. घरी गेली? घर मोठ्या रस्त्यापलीकडे, सिग्नल ओलांडून. मोठ्या रस्त्यावर मालाचे ट्रक. मावशीच्या डोळ्यांपुढे नको ते आलं आणि तिने ते हाताने बाजूला केल्यासारखं केलं. पलीकडे जाऊन यायचं तर अर्धा तास, हिच्या गुडघ्यांना पाऊण. अकरा वाजून जातील. चार पोरं पोचवली तर तीस होतात, वर्ग वाचतो, सून वाचते. आकड्यात ती पोरगी नसली तरी चालतं.

चालतं, असं मनात आलं आणि त्याचीच तिला चीड आली. सकाळपासून ती तेच तर करत होती. पोरं आकड्यात धरत होती.

“धावा पुढे,” ती म्हणाली. “मागच्या दाराने आत जा आणि बाईंना सांगा आलो म्हणून. मी तिला शोधून आणते.”

पोरं धावली आणि दोनच मिनिटांत उलटी आली. मागचं दार आतून लावलं होतं. मावशी बाहेर गेल्यावर कुणीतरी उघडं दार पाहून इमानाने कडी घातली होती, तिनेच सगळ्यांना लावलेली सवय. आता पुढचं फाटक. म्हणजे सगळ्या शाळेसमोर, हेडसरांच्या खिडकीखालून. ताकाला जाऊन भांडं लपवायची सोय राहिली नव्हती.

फाटकाशी, गजांना दोन्ही हातांनी धरून, खोडरबर उभी होती.

मावशीचे पाय जागच्या जागी थबकले. पोरीची पाठ दिसत होती आणि दप्तर, एका बाजूला कललेलं. गजांचा गंज तिच्या तळव्यांना लागला होता.

“कधीपासून उभी आहेस गं?”

“फाटक लागलं तेव्हापासून.”

“हाक का नाही मारलीस?”

“मारली. मग कुणी आलं नाही.” पोरीने जरा विचार केला आणि जे खरं होतं ते सांगितलं. “आधी नाही मारली. तुम्ही कुलूप दोनदा ओढून बघत होतात ना, तेव्हा मी त्या कोपऱ्यावर होते. तुमची भीती वाटली.”

किल्ली मावशीच्या कमरेलाच होती. सकाळपासून. तिने ती कुलपात घातली आणि फाटक उघडलं.

अकराला पाच मिनिटं होती. मोठ्या खोलीतली पोरं कागद देऊन बाहेर पडली होती. आत तपासणीबाई पाकिटं रचत होती, थोरल्या बाई अ चे कागद जुळवत होत्या, हेडसर खिडकीशी. सून दाराकडे तोंड करून उभी होती. पाच पोरं आत शिरली तशी तिने एकेकाच्या डोक्यावरून नजर फिरवली, मोजली, आणि शेवटी ती नजर मावशीवर आली. मावशीच्या कपाळावरचा घाम, पोरांच्या हातांतली विसरून राहिलेली बटणं. लांबड्याच्या मुठीतलं निळं, चार भोकांचं बटण सुनेने स्वतः डब्यात टाकलेलं होतं. तिला सांगावं लागलं नाही.

हेडसर सगळ्यांत आधी बोलले. “आली का? ताप होता ना बाळांनो? साथच आहे सध्या. बाई, पाचांनाही ताप होता, लिहून टाका.”

तपासणीबाईने पेन उचललं नाही. “पाचांनाही?”

“साथ आहे,” हेडसर म्हणाले, आणि मावशीकडे असं पाहिलं की, मावशी, आता तुम्ही गप्प.

मावशी गप्प राहायला तयार होती, खोटं कशाला बोला. ताप तर ताप. तापाने कुणाचं नुकसान होत नव्हतं. सुनेचं लायसन, आपली नोकरी, शाळेची अब्रू, सगळं एका तापात झाकलं जात होतं.

तपासणीबाई मोठ्यांना विचारायची थांबली. ती खाली वाकली आणि सगळ्यांत जवळ उभ्या असलेल्या पोरीला म्हणाली, “बाळ, तू सांग. उशीर का झाला?”

सगळ्यांत जवळ खोडरबर होती.

तिने हेडसरांकडे पाहिलं. बाईंकडे पाहिलं. मग मावशीकडे. ओठ हलले, आवाज आला नाही. मावशीने त्या चेहऱ्याकडे बघितलं, अगदी नीट बघितलं: शब्द आत तयार झाला होता, आणि पोरगी तो आतल्या आत खोडत होती. पुन्हा लिहीत होती. पुन्हा खोडत होती.

“तिला नका विचारू,” मावशी म्हणाली. “मी सांगते. ताप कुणालाही नव्हता. मी ह्यांना माझ्या घरी डांबून ठेवलं होतं.”

“मावशी!” हेडसर म्हणाले.

“सर, तुम्ही जरा तुमचा खण बघा, उघडा राहिला असेल.” ती तपासणीबाईकडे वळली. “ही पोरं मागे आहेत, ती नसली तर सुनेचं चांगलं दिसेल, म्हणून ठेवलं. कुणी सांगितलं नव्हतं. सुनेला ठाऊक नव्हतं. अक्कल माझी, ठेचही मीच खायची. ही पोरगी तर दीड तास फाटकाबाहेर उभी होती, किल्ली माझ्याकडे. आता काय करायचं ते करा, पण ह्यांना आधी बसवा.”

थोरल्या बाईंच्या हातातला गठ्ठा तसाच राहिला.

तपासणीबाईने सुनेला विचारलं, “तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

सून मावशीकडे पाहत नव्हती. “नव्हतं. पण ते तुम्ही माझ्या सांगण्यावरून मानू नका. मी तुमच्या जागी असते तर मानलं नसतं.” तिचा आवाज कापडासारखा सरळ कापला जात होता. “मुलांना बसू द्या. मी बाहेर थांबते. मला वर्ग दिसणार नाही अशा ठिकाणी.”

मग थोरल्या बाई बोलल्या, आणि बोलताना त्यांना ते आवडत नव्हतं हे स्पष्ट दिसत होतं. “नियमात उशिराची बैठक आहे. कारण चांगलं हवं असं कुठे लिहिलेलं नाही. मी पत्र वाचलंय.”

घड्याळात अकरा झाले होते. तपासणीबाईने पाच कागद काढले.

“बसा,” ती म्हणाली. आणि मावशीला, “तुम्हीही बसा. शेवटच्या बाकावर. जे सांगितलंत ते लिहून द्या. तुमच्या हाताने, तुमच्या शब्दांत. अहवालाला जोडावं लागेल. त्यामुळे तुमच्या नोकरीचं काय होईल, ते माझ्या हातात नाही.”

मावशी तिसरीपर्यंत शिकलेली. सही येई, पाण्याच्या टाकीच्या तारखा लिहिता येत, त्यापलीकडे पन्नास वर्षांत तिने ओळ लिहिली नव्हती. आणि समोर थोरल्या बाई. ती चौथीच्या बाकात तिरपी होऊन बसली, गुडघे बाकाला आपटले. पुढे पाच डोकी वाकलेली. लांबड्याचे ओठ वाचताना हलत होते. जुळ्यांना दूर दूर बसवलं होतं. खोडरबरने पेन हातात घेतलं होतं, पेन्सिल नाही, आणि लिहीत होती. थांबे, एक आडवी रेघ मारी, पुढे लिही. तिच्या बाकावर रबर नव्हतं.

मावशीने ‘मी’ लिहिलं. मग पाच लिहिलं, मग पोरं. पुढचा शब्द चुकला हे तिचं तिलाच दिसलं. तिने अंगठा जिभेला लावून तो शब्द पुसायला घेतला. शाई पसरली. ती घासत राहिली. कागद पातळ झाला, मऊ झाला, मागचं लाकूड दिसायला लागलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं की उठावं आणि कोरा कागद देऊन टाकावा.

पाऊण तासाने खोडरबर कागद द्यायला उठली. दोन्ही बाजू भरलेल्या होत्या, जागोजागी आडव्या रेघा. कागद देऊन ती दाराकडे निघाली आणि शेवटच्या बाकाशी थांबली. भोक पडलेल्या कागदाकडे तिने पाहिलं, जाणकार माणूस पाहतो तसं.

“आजी, खोडू नका,” ती कुजबुजली. “रेघ मारा आणि पुढे जा. बाई रागवत नाहीत.”

मावशीने रेघ मारली. पुढे गेली.

दुपारी हेडसरांनी किल्ल्या मागून घेतल्या. तपास होईपर्यंत घरी बसा, म्हणाले. मावशीने जुडगा टेबलावर ठेवला तेव्हा तो इतका जड आवाज करून पडला की शिक्षकखोलीतली सगळी डोकी वर झाली. सून पाण्याच्या खोलीत उभी होती, चौकटीवरच्या रेघांकडे बघत.

“बोल एकदाची,” मावशी म्हणाली. “किती वेळ तोंडाला कुलूप लावणार?”

“काय बोलू, आई? तुमच्याही मनात ती पाच पोरं वाया गेलेलीच होती. दोन वर्षं तुम्ही रोज माझ्या वर्गाबाहेर झाडत होतात. मला वाटलं, निदान तुम्ही ऐकताय.”

“ऐकत होते.”

“मग?”

मावशीला ह्यावरही उत्तर सुचलं नाही. फरक एवढाच की ह्या वेळी तिने ते सुचलं नसल्याचं लपवलं नाही.

तीन आठवडे घरात भांडी सुद्धा जपून वाजत. लेक कामावरून यायचा, दोघींच्या तोंडाकडे बघायचा आणि गुपचूप जेवायचा. लायसन संपायला चार दिवस उरले तेव्हा पाकीट आलं. सुनेने ते बटणांच्या डब्यावर ठेवलं, कात्रीने कडेने सरळ कापलं, आणि उभ्यानेच वाचायला लागली. मावशी भिंतीशी बसली होती. सुनेचे डोळे खालपर्यंत गेले, परत वर आले.

“अगं वाच ना मोठ्याने. जीव जाईल माझा.”

“एकतीस मुलांचे कागद ग्राह्य,” सून वाचू लागली. आवाज स्थिर होता, कागद नव्हता. “अ आणि ब ची तुलना करता ब ची वाढ अधिक. सर्वाधिक वाढ...” ती थांबली. “पाच नावं आहेत, आई. पहिलं तिचं आहे. खऱ्या नावाने.”

“पुढे.”

“पक्कं लायसन मंजूर.” सून खाली बसली. अगदी जमिनीवर, डब्याशेजारी. पुढचं वाचून म्हणाली, “तपासणीबाईंनी लिहिलंय, एका वर्गावरून योजना चांगली की वाईट ते ठरत नाही. चाळीस शाळा पाहिल्या. आठ आठवडेवाले निम्मे पहिल्याच वर्षी सोडून गेले. राहिलेल्यांत काही उत्तम, काहींना वर्गात उभंच करायला नको होतं.”

“हे सांगायला चाळीस शाळा कशाला? डिग्रीवाल्यांचंही तेच आहे,” मावशी म्हणाली, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिचा आवाज तिला स्वतःला ओळखीचा वाटला. “माझं काय लिहिलंय?”

“तुम्हाला परत घेणार नाहीत. वर्षभर आधी निवृत्ती.”

मावशीने मान हलवली. कमरेवर जुडगा असायचा तिथे हात गेला आणि परत आला. “बरोबर आहे. मी असते तर मीही घेतलं नसतं. आणखी?”

“तुमच्या जबाबाबद्दल एक ओळ आहे.” सुनेने कागद जवळ धरला. “सेविकेने स्वतःच्या हाताने लेखी कबुली दिली. खाडाखोड एक ठिकाणी.”

“दोन ठिकाणी होती,” मावशी म्हणाली. “नीट तपासलं नाही बाईने.”